आडोसा हवा, आडजागा नको

2018च्या मे महिन्यात आई-बाबा एका लग्नाहून एसटीने परत येत होते. आईला त्याआधी दोन वर्षं अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजवा हात आणि उजवा पाय तिला अजूनही नीट साथ देत नाहीत. गाडी एका मोठ्या बसस्थानकावर वीस मिनिटं थांबली आणि आईला जायचं होतं. बाबा तिला धरून बायकांच्या संडासाच्या तोंडापर्यंत घेऊन गेले आणि तिथेच अडले. त्यांना आत जाता येईना, आईला एकटीला जाता येईना. शेवटी त्यांनी आत निघालेल्या एका अनोळखी बाईला हात जोडले. त्या बाईने आईला आत नेलं, बसवलं, उठवलं, साडी सारखी करून दिली. तेवढा वेळ बाबा आईची पर्स आणि काठी धरून बाहेर उभे होते. हे मला आईने सांगितलं नाही, बाबांनीही नाही. सहा महिन्यांनी आत्याकडून कळलं. तोवर आईने एसटीने कुठे जायचंच सोडलं होतं आणि तिला दगदग सोसत नाही, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती.

मी आर्किटेक्ट आहे. तोपर्यंत बंगले, शाळा, दोन-तीन मंगल कार्यालयं असं बरंच काम केलं होतं. संडास ही नकाशात शेवटी उरलेल्या जागेत बसवायची गोष्ट, असंच शिकले होते आणि तसंच करत आले होते. आत्याने ते सांगितल्यावर मी माझे जुने नकाशे काढून पाहिले. एकाही ठिकाणी बाबा आईला घेऊन आत जाऊ शकले नसते.

2022च्या दिवाळीनंतर आमच्या ऑफिसकडे सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातलं काम आलं. आठवडी बाजाराच्या मैदानाशेजारी सार्वजनिक शौचालय बांधायचं होतं. कामासोबत एक तयार नकाशाही आला. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, दोघांच्या मधून एक बोळ, आणि टोकाला एक 'अपंग शौचालय', ज्याच्या दारात दोन पायऱ्या दाखवल्या होत्या. दोन पायऱ्या! नगरपरिषदेतल्या अभियंत्यांनी सांगितलं, फक्त जागेप्रमाणे फिरवून घ्या, मंजुरीला वेळ लागणार नाही. मी त्यांच्याकडे तीन सोमवार मागून घेतले. सोमवार हा तिथला बाजाराचा दिवस.

जुनं शौचालय मैदानाच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या उकिरड्यापलीकडे होतं. तिथे जायला पंचवीस-तीस पावलांची अरुंद वाट, एका बाजूला गोदामाची भिंत. बायकांच्या बाजूला चार संडास. दोन संडासांच्या दारांना कडी नव्हती, एकाला होती पण कोयंडा उखडलेला. दिवा नव्हता. खिडकीच्या काचपट्ट्या फुटलेल्या, आणि ती खिडकी जेमतेम पाच फुटांवर. पलीकडच्या कट्ट्यावर पोरं बसलेली असायची. मी आत गेले आणि एका हाताने दार धरून ठेवत कसंबसं उरकलं. दुसऱ्या हातात पर्स होती, कारण ठेवायला कोरडी जागा नव्हती आणि अडकवायला खुंटी नव्हती.

दुपारी मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एका मावशींपाशी जाऊन बसले. वय साठीचं. पहाटे साडेचारला टेम्पोत बसून येतात, संध्याकाळी सातला घरी पोचतात. मी त्यांना पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाल्या, "नको ताई. बाजाराच्या दिवशी मी पानी पीत न्हाई." शेजारच्या बोंबीलवालीने मान हलवली, तीही पीत नव्हती. त्या पूर्ण रांगेत कोणीच पीत नव्हतं. मे महिन्यातसुद्धा. लघवीला जळजळ होते, कंबर भरून येते, ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या आणतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तसंच कोरडं बसतात.

मी विचारलं, संडास नवा बांधायचा तर कुठे बांधू? त्याच मावशींनी हातातली जुडी बांधता बांधता सांगितलं, "आडोसा पायजे ओ ताई. आडजागा नको."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. आपल्याकडे संडासाची लाज वाटते म्हणून तो मागे नेतात, झाडाआड, भिंतीआड, कोपऱ्यात. ज्या कोपऱ्यात तो कोणाला दिसत नाही, त्याच कोपऱ्यात गेलेली बाईही कोणाला दिसत नाही. तिला हवा असतो तो दाराच्या आतला आडोसा. दारापर्यंतच्या वाटेवर तिला माणसांची वर्दळ हवी असते, ओळखीचा आवाज हवा असतो. आम्ही नेमकं उलटं करत आलो आहोत: वाट निर्जन आणि दाराला कडी नाही.

मी उत्साहाने पहिला नकाशा केला तो असा: बोळ नाही, बायका-पुरुष असे दोन हॉल नाहीत. बाजाराकडे तोंड केलेली एक लांब ओसरी आणि ओसरीवर उघडणाऱ्या दहा स्वतंत्र खोल्या. प्रत्येक खोली स्वतःपुरती पूर्ण; भिंती छतापर्यंत, आत नळ, आत बादली. कोणीही कुठल्याही खोलीत जावं. नवरा बायकोला घेऊन जाईल, बाप लहान मुलीला घेऊन जाईल, कोणाला अडायचं कारण नाही. मला वाटलं होतं, यातच सगळं आलं.

बायकांनी तो नकाशा नाकारला. अगदी सरळ. बाप्ये उभ्याने करतात आणि भांड्याभोवती घाण करून जातात, मग आम्ही तिथे साडी सावरून बसायचं का? कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या कोण धुणार? आणि दाराबाहेर रांगेत पाठीशी परका पुरुष उभा असला की आतल्या बाईचं लक्ष सगळं दाराकडे. एक तरुण मुलगी, मोबाईलच्या दुकानात काम करणारी, खालच्या आवाजात म्हणाली, "दाराखालून मोबाईल सरकवतात ताई. आमच्या कॉलेजात झालंय." मी मंगल कार्यालयांमध्ये नेहमी दाराखाली सहा इंच फट ठेवत आले होते, सफाईला सोपं जातं म्हणून.

तर शेवटी ठरलं ते मधलं. ओसरी राहिली, खोल्या स्वतंत्रच राहिल्या. एका टोकाच्या सहा खोल्या बायकांच्या. दुसऱ्या टोकाला पुरुषांची मुतारी, वेगळ्या आडभिंतीमागे, आणि तीन संडास. आणि बरोबर मध्ये, देखरेख करणाऱ्या बाईच्या खिडकीला लागून, तीन सामायिक खोल्या. दोन मोठ्या, एक नेहमीच्या मापाची. त्यांच्यावर बाई-पुरुष काही लिहायचं नाही.

या मधल्या खोल्यांचं महत्त्व मला सगळ्यात नीट समजावलं ते बाजारात जोगवा मागायला येणाऱ्या एका तृतीयपंथी बाईने. त्या म्हणाल्या, बायकांत गेले की बायका ओरडतात, पुरुषांत गेले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दिवसभर त्या रोखून धरत होत्या, नाहीतर गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालत जात होत्या. 2014च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता देणारा निकाल दिला, त्यात त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं करावीत असंही सरकारांना सांगितलं आहे. मी ते डोक्यात ठेवूनच विचारलं, तुमच्यासाठी एक खोली वेगळी काढून तशी पाटी लावू का? त्यांनी हात जोडले. "ती पाटी लावू नका. त्या दारात शिरले की अख्खा बाजार बघत बसणार." हक्क कागदावर मिळणं आणि त्या दारातून निर्धास्त आत जाता येणं यांत अंतर किती, ते मला तिथे कळलं. सामायिक खोलीला पाटी नसण्याचं कारण हेच. ज्याला गरज आहे तो जातो, गरज काय आहे हे कोणाला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी मी मैदानावर पूर्ण मापाचा नकाशा आखला. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून भिंती काढल्या, दारांच्या जागी विटा ठेवल्या, भांड्याच्या जागी पाट. कागदावरचा नकाशा फार थोड्यांना वाचता येतो, फक्कीच्या रेघांत मात्र सगळे चालून बघतात. एका आजींनी नऊवारीचा काष्टा सोडायचा कसा ते करून दाखवलं तेव्हा माझी तीन फुटांची खोली अपुरी पडली. बाळ कडेवर असलेल्या मुलीने विचारलं, याला ठेवू कुठे? म्हणून दोन खोल्यांत भिंतीला लागून रुंद कट्टा आला. खुंटी कुठे हवी तर बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर, दारामागे उंचावर नको, कारण पिशवीत दिवसाची कमाई असते. पॅड टाकायला झाकणाचा डबा प्रत्येक खोलीत हवा. बाहेर बेसिनपाशी पॅड जाळायचं यंत्र बसवायचं इस्टिमेटमध्ये होतं, पण चारचौघांसमोर पॅड हातात घेऊन त्या यंत्रापर्यंत कोणीही चालत जाणार नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, लहानपणी पोलिओ झालेला, कुलपं-किल्ल्यांची दुरुस्ती करतात. हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकल. मी त्यांना अभिमानाने मोठी खोली दाखवली. केंद्र सरकारच्या 2021च्या सुगम्यता सूचनांप्रमाणे सगळं मोजून घेतलं होतं: दार 900 मिलिमीटर, आत चाकाची खुर्ची फिरवायला दीड मीटरचं वर्तुळ, कमोड, दांडे. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, माझी गाडी आत येत न्हाई. चाकाची खुर्ची माझ्याकडं न्हाई."

मग ते सायकलवरून खाली उतरले. सीटखालून रबरी चपलांचा एक जोड काढला आणि हातांत घातला. तळव्यांवर भार देत, मागचं शरीर ओढत ते फक्कीच्या दारातून आत आले आणि माझ्या दीड मीटरच्या वर्तुळाच्या मधोमध थांबले. माझ्या गुडघ्यांच्या उंचीवरून त्यांनी वर पाहिलं. "संडासात मी असा येतो. म्हणजे तुमचा पाय जिथं पडतो, तिथं माझा हात पडतो. कपडे पन तिथंच लागतात. मला वल्ली फरशी नको, बाकी काय बी चालंल."

ते पुढे म्हणाले, कमोडवर चढणं म्हणजे मला भिंत चढणं. खाली बसलेल्या माणसाला वर कशाला चढवता?

मी त्या रात्री झोपले नाही. नियम चुकीचे नाहीत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे आणि या सूचनांमुळेच मला अभियंत्यांशी भांडता आलं, नाहीतर त्या दोन पायऱ्या तशाच राहिल्या असत्या. पण नियमात चाकाची खुर्ची गृहीत धरली आहे. आमच्या बाजारात ज्यांना पायांनी चालता येत नाही त्यांतले काहीजण हातांनी चालतात. मग दोन मोठ्या खोल्या दोन प्रकारच्या केल्या. एकीत कमोड आणि दांडे, नियमाप्रमाणे. दुसरीत जमिनीसरशी भारतीय भांडं, दोन्ही बाजूंना खाली धरायचे दांडे, एक कडी नेहमीच्या उंचीवर आणि दुसरी जमिनीपासून फूटभर, नळही तसाच खाली. दोन्हींत ओला भाग आणि कोरडा भाग वेगळा: उतार मागच्या भिंतीकडे, पाण्याची जाळी मागे, दारापासून भांड्यापर्यंत खरखरीत कोरडी फरशी. ओसरीवर तीनचाकी लावायला जागा.

पायऱ्यांचं मूळ जोत्यात होतं. सेप्टिक टँक इमारतीच्या खाली घेतल्यामुळे जोतं दोन फूट वर गेलं होतं. एकास बारा उताराने दोन फूट चढायला चोवीस फुटांचा रॅम्प लागतो, तेवढी जागा कोणी देईना. मी टँक बाजूला काढून खोल घ्यायला सांगितलं, जोतं सहा इंचांवर आलं, रॅम्प सहा फुटांत बसला. टँक माणसांच्या पायांखालून काढण्याला आणखी एक कारण होतं. 2017 मध्ये मानखुर्दला सार्वजनिक शौचालयाची जमीन खचून माणसं खालच्या टाकीत पडून मेली. बैठकीत मी एवढंच आठवून दिलं, त्यानंतर त्या बदलाला कोणी हरकत घेतली नाही.

हरकत आली ती ओसरीच्या तोंडाला. समोरच्या दुकानदारांचं निवेदन आलं की संडासाची दारं रस्त्याकडे असणं शोभत नाही. अभियंत्यांचंही मत तेच. त्या बैठकीला मी भाजीवाल्या मावशींना आणि बचत गटाच्या दोघींना घेऊन गेले. मी बोलत असते तर ते मत बदललं नसतं. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा करून एकच विचारलं, "सायेब, तुमची लेक त्या मागल्या बोळातनं जाईल का?" मग ओसरीपुढे साडेचार फुटांची जाळीदार भिंत घालायचं ठरलं. कोण कुठल्या दारात शिरलं ते बाहेरून दिसत नाही, पण ओसरीवर कोण उभं आहे ते बाजारातून दिसतं. छतात मध्ये मध्ये अर्धपारदर्शक पत्रे टाकले, म्हणजे वीज गेली तरी, आणि बिल थकलं तरी, दिवसा अंधार होत नाही.

पैशाचा प्रश्नही तेव्हाच निघाला. ठरावाच्या मसुद्यात पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना पाच रुपये होते, कारण बायकांना खोली लागते. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' म्हणजे लघवीच्या हक्काच्या मोहिमेतल्या बायका याच गोष्टीवर लढत आल्या आहेत. लघवीला कोणाकडूनच पैसे घ्यायचे नाहीत असं बचत गटाने लिहून घेतलं, आणि चालवायचं कामही त्यांनीच घेतलं.

बांधकामात मी आठवड्यातून दोनदा जात होते, तरी चुका झाल्या. खुंट्या सहा फुटांवर लागल्या होत्या. एका मोठ्या खोलीचं दार आत उघडत होतं, म्हणजे आत कोणी पडलं तर पडलेल्या माणसानेच दार अडणार. ते बाहेर उघडणारं करून घेतलं. कड्या अशा बसवल्या की आत माणूस असला की बाहेर लाल दिसतं आणि अडचण आली तर बाहेरून नाण्याने उघडते. सगळ्यात वाईट म्हणजे दांडे. चार इंची भिंतीत प्लास्टिकचे गट्टू ठोकून बसवलेले. मी पूर्ण वजन टाकून पाहिलं आणि पहिलाच दांडा स्क्रूसकट हातात आला. आई धरत असती तर! सगळे काढायला लावले आणि भिंतीच्या आरपार बोल्ट घालून, मागे लोखंडी पट्टी देऊन पुन्हा बसवले. फरशीवरूनही वाद झाला. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या एका शिक्षकांनी सांगितलं होतं की पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं त्यांना दिसतच नाही, ते पायाने चाचपत जातात. ठेकेदाराने पांढऱ्या टाइल्स आणून ठेवलेल्या. भांड्याभोवती गडद निळ्या टाइल्सचा पट्टा घातला, दाराची चौकट गडद रंगवली.

2023च्या डिसेंबरात ते सुरू झालं. आतापर्यंत एक नळ चोरीला गेला, एका दारावर कोणीतरी घाण लिहिलं, ते गटातल्या बायकांनी त्याच दिवशी घासून काढलं. सोमवारी अकराच्या सुमाराला बायकांच्या बाजूला रांग लागते, सहा खोल्या कमीच पडतात. आठ हव्या होत्या. मावशींच्या टोपल्यापाशी आता पाण्याची बाटली असते.

जानेवारीत मी आई-बाबांना घेऊन गेले, एसटीनेच. बाबांनी आईला मधल्या खोलीत नेलं, दार लावलं, बाहेर लाल खूण आली. मी ओसरीवर उभी राहिले. बराच वेळ झाला. दार उघडलं तेव्हा बाबा एकटेच उंबऱ्यापाशी आले आणि मला आत बोलावलं. आई कमोडवर साडी सावरून बसली होती. दांडा तिच्या उजव्या हाताला, भिंतीवर होता. तिचा उजवा हात काही धरू शकत नाही. डावीकडे, मोकळ्या बाजूला, खाली-वर होणारा दांडा माझ्या नकाशात होता आणि इस्टिमेट कमी करताना तोच गेला होता. मी त्या कपातीवर सही केली होती.

आई म्हणाली, "असू दे गं, हे आहेत ना उठवायला." बाबा मात्र तिच्या डाव्या बाजूला वाकले, सीटच्या कडेवर अंगठा टेकवला आणि करंगळी वर ताणली. "सीटपासून वीतभर वर," ते म्हणाले, "आणि तिच्या कोपरापासून चार बोटं बाहेर. घे लिहून."